मोहपाड्याची सोळा घरं

तुमच्या लघुप्रबंधात जी माणसं आहेत, त्यांच्यातलं एक तरी माणूस तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं का? खरं सांगा. इथं तुमचे मार्गदर्शक बसलेले नाहीत. मीही तुमचं सर्टिफिकेट काढून घ्यायला आलेलो नाही. मला विचाराल तर माझ्या पहिल्या प्रबंधात ऐंशी कुटुंबं होती आणि त्यांतली अठ्ठावन्न मी घरात चटईवर बसून जन्माला घातली होती. तीन वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी, म्हणजे संशय यायला नको.

ते पकडलं एका टाईप करणाऱ्या बाईनं. मार्गदर्शकांनी नाही, विद्यापीठानं नाही. मैना भोये तिचं नाव. नाशिकला कॉलेज रोडच्या एका इमारतीत जिन्याखाली तिचं दुकान आहे. दुकान कसलं, खोपटंच. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कापड टाकून ठेवलेला जुना मराठी टाईपरायटर आणि दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तिसरं गिऱ्हाईक आलं तर त्यानं जिन्याच्या पायरीवर बसायचं. नव्वदच्या दशकात निम्म्या शहराचे प्रबंध त्या पायरीवर बसून तयार झालेत.

मैनाताई सुरगाण्याकडची. कोकणा समाजाची. तालुक्यापासून आत जीप जाईल तिथपर्यंत जायचं, आणि मग पाऊण तास चालायचं, तेव्हा त्यांचा मोहपाडा लागतो. लहानपणी दर साल दिवाळीनंतर आईबापांबरोबर ती द्राक्षाच्या बागांवर यायची. आई मणी विरळायची, ही बांधावर धाकट्या भावाला सांभाळायची. पुढं आश्रमशाळेत चिकटली, तिथून नाशिकच्या वसतिगृहात आली, आणि वसतिगृहाच्या समोरच टायपिंगचा क्लास होता म्हणून टायपिंग शिकली. "समोर शिवणाचा क्लास असता तर आज मी तुमचे झब्बे शिवले असते," असं ती म्हणते. मला नाही पटत. झब्ब्याचं माप खोटं निघालं असतं तर तिनं तोही शिवला नसता.

कारण बाकीचे टाईप करणारे अक्षरं पाहतात. ही बाई वाचते. नुसती वाचत नाही, तिच्या लक्षात राहतं. एकदा मी पायरीवर बसलेलो असताना एक प्राध्यापिका आल्या. चांगल्या साडीतल्या, हातात जाडजूड बाड. मैनाताईनं चार पानं चाळली आणि अगदी मायेनं म्हणाली, "मॅडम, हे परत टाईप कशाला मारायचं? तुमचा खर्च वाचवते ना. दोन वर्षांपूर्वीचं आहे माझ्याकडे, फ्लॉपीवर. नुसतं नाव बदलायचंय ना?"

माझ्याशेजारी पायऱ्यांवर चार पोरी होत्या. चौघींनी माना खाली घातल्या, पण खांदे हलत होते.

मॅडम म्हणाल्या, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

"होत असेल. पण हा तक्ता क्रमांक सात माझ्या बोटांना पाठ आहे. यातली शेवटची बेरीज तेव्हाही चुकलेली होती. तेवढी तरी दुरुस्त करा."

असं गिऱ्हाईक जातं ते परत येत नाही. दुसरी चार घेऊन येण्याऐवजी दुसऱ्या चारांना अडवतं. मी तिला म्हणालोसुद्धा, "ताई, धंदा करायचाय का समाजसुधारणा?" ती म्हणाली, "सुधारणा तुम्ही करा भाऊ. मी फक्त म्हटलं, बेरीज चुकलीये."

आणखी एक तिची पद्धत होती. प्रत्येक प्रबंधाला सुरुवातीला एक प्रतिज्ञापत्र असतं. 'हे संशोधन मी स्वतः केले असून यातील माहिती प्रत्यक्ष जमा केलेली आहे.' इतर दुकानांत हे पान तयारच असतं, नाव तेवढं बदलतात. मैनाताई ते पान सगळ्यात शेवटी करायची. आधी विद्यार्थ्याला कोरा कागद द्यायची, आपल्या हातानं लिहायला लावायची आणि म्हणायची, "वाचा. मोठ्यानं वाचा, पायरीवरच्यांना ऐकू जाऊ दे." मगच टाईप करायची. काही जण हसत वाचायचे, काही जण भराभर उरकायचे. एक मुलगी मध्येच थांबली, कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि "उद्या येते" म्हणून गेली, ती पंधरा दिवसांनी आली. मैनाताईनं विचारलं नाही कुठं होतीस. चहा पाजला.

आता माझं सांगतो.

मी चांदवड तालुक्यातला. सातवीत शाळा सोडली, मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहिली आणि पुढं पेठ नाक्यावर जे मजूर रोज सकाळी कामासाठी उभे राहतात, त्यांची संघटना बांधली. वाचायला मी रद्दीतून शिकलो, बोलायला सभेतून. मग एकदा एका कामगार अधिकाऱ्यानं भर बैठकीत मला विचारलं, "आपलं शिक्षण?" आणि मी उत्तर द्यायच्या आत हसला. त्या हसण्याचा राग धरून मी मुक्त शिक्षणातून बी.ए. केलं आणि एम.ए.ला नाव घातलं. विषय माझाच होता, द्राक्षबागांवर येणारे स्थलांतरित मजूर. नोंदणीची मुदत एकतीस मार्च एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. त्या तारखेला प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सगळी मेहनत पाण्यात. संघटनेच्या पोरांनी तर बोर्ड रंगवायला टाकला होता, नावापुढं एम.ए. लावून.

मार्गदर्शक देवरे सरांनी ऐंशी कुटुंबांचं, त्यांच्या गावी जाऊन, सर्वेक्षण मंजूर केलेलं. माझ्याकडे बावीस अर्ज खरे होते, नाक्यावर उभ्याउभ्या भरलेले. पण मोर्चे होते, कोर्टाच्या तारखा होत्या. आणि मनात एक माज होता, ही माणसं मला ठाऊक आहेत, यांच्यात मी दहा वर्षं वावरतोय, मला कुठं विचारायला जायचंय? बसलो आणि भरले. तारखा टाकल्या जानेवारीच्या.

चौदा मार्चला मैनाताईनं दीडशे पानं टाईप करून संपवली. मला कोरा कागद दिला. मी प्रतिज्ञापत्र लिहिलं आणि वाचलं. तुम्हाला वाटेल मी अडखळलो. छे! सभेत बोलणारा माणूस मी. असं खणखणीत वाचलं की वरच्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर जिन्यात डोकावला.

मैनाताई म्हणाली, "छान वाचलंत. आता सांगा, मोहपाड्यात घरं किती?"

"लिहिलंय की आत. एकवीस."

"सोळा."

"असतील. पाच इकडं तिकडं."

"भाऊ, पाच इकडं तिकडं नाही. आमचा पाडा आहे तो. सोळा घरं आहेत आणि सोळाही घरांतली माणसं मला नावानं माहीत आहेत. तुम्ही अठरा जानेवारीला तिथं जाऊन एकवीस कुटुंबप्रमुखांशी बोललात असं लिहिलंय. अठरा जानेवारीला राखणीची म्हातारी सोडली तर पाड्यावर कुत्रीसुद्धा नसतात. बाकी सगळी माणसं इकडं बागांवर असतात. हे मी तुम्हाला सांगायचं?"

मला दरदरून घाम फुटला. कारण ती खरं बोलत होती, आणि ते जगात सगळ्यात चांगलं मलाच माहीत होतं. जानेवारीत ज्या माणसांना मी रोज सकाळी नाक्यावर राम राम घालत होतो, त्यांनाच त्याच तारखेला मी शंभर किलोमीटरवर त्यांच्या ओट्यावर बसवून मुलाखत घेतली होती. दहा वर्षं नाक्यावर काढून ही चूक केली. कोणी पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यानं केली असती तर समजलं असतं.

घाम फुटला की मला राग येतो. मी ओरडलो, "तुझं काम टाईप करायचं! तपासायचं काम देवरे सरांचं, त्यांनी सही केलीये!"

पायरीवरचे उठून उभे राहिले. मैनाताई खुर्चीवरून हलली नाही.

"तू म्हणा, चालेल. मोठे आहात. पण ऐकून जा. त्र्याण्णव साली एकाचा प्रबंध मी मारला. मोहपाड्यात बारमाही विहीर आहे असं त्यात होतं. मला माहीत होतं नाहीये. नवीन होते, म्हटलं आपल्याला काय, आपण टाईप करायचं. दोन वर्षांनी माझा बाप हातपंपाचा अर्ज घेऊन तालुक्याला गेला. साहेबानं फाईलीतून एक झेरॉक्स काढला. विद्यापीठाचा अभ्यास आहे म्हणाला, विहीर आहे तुमच्यात. मी मारलेलं पान होतं ते, भाऊ. समास माझे, अक्षर माझ्या मशीनचं. माझी आई अजून ओहोळावरनं पाणी आणते."

मी बाड पुढं ओढलं.

"त्यानंतर आमच्या पाड्यावर तिघांनी लिहिलं. एकात तीस घरं, एकात अठरा, एकात चाळीस. मला वाटलं, दत्तूभाऊ तरी मोजतील."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. शिवी दिली असती तरी मी बसलो असतो. मी बाड उचललं आणि तडक निघालो.

दोन इमारती सोडून धनराजचं दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, गारेगार पंखा, बसायला सोफा. धनराज हसतमुख माणूस. मी बाड टाकलं, म्हटलं, नव्यानं कर, बारा दिवसांत. तो पानं चाळत म्हणाला, "ऐंशीच? दत्तूभाऊ, शंभर करून टाकू. भारदस्त दिसतं. माझ्याकडे तक्ते आहेत तयार. पेठचे आहेत, इगतपुरीचे आहेत. गावाचं नाव बदललं की झालं."

"इगतपुरीची माणसं सुरगाण्यात कशी घालणार?"

"तुम्हीपण ना! आदिवासी ते आदिवासी. भात खाणार, मजुरी करणार. कोण वाचतंय?"

मी त्याची कॉलर धरली. खोटं कशाला बोलू, धरलीच. "माझी माणसं आहेत रे ती!" असं ओरडलो, आणि ओरडताना माझ्या काखेत माझंच बाड होतं. धनराज बिचारा घाबरून म्हणाला, "मग तुम्हीच सांगा ना, त्यात काय भरायचं?" कॉलर सोडली. त्याचा शर्ट नीट केला. बाहेर येऊन उसाच्या रसाच्या गाड्यावर अर्धा तास बसून राहिलो, रस न पिता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाताईच्या दुकानात गेलो. माफीबिफी मला मागता येत नाही, तेव्हाही येत नव्हती. खुर्चीवर बसलो. ती कोऱ्या चहाची किटली उघडत होती.

"मोहपाडा कुठंय आत्ता?" मी विचारलं.

ती हसली. तिच्या हसण्यात कुठंही 'बघा, मी म्हटलं नव्हतं' असलं नव्हतं. म्हणाली, "जानोरीच्या शिवारात. तेरा घरं तिथं आहेत. तीन घरी म्हातारी माणसं राखणीला. रविवारी चला, मी पण येते, आईला चटणी द्यायचीये."

रविवारी माझ्या खटारा एम-एटी दुचाकीवर आम्ही जानोरीला गेलो. बागेच्या कडेला गवताची आणि निळ्या प्लॅस्टिकची पालं. तोडणी चालू होती. मैनाताईची आई, रंगूबाई, डोक्याला फडकं बांधून क्रेट भरत होती. मला बघून म्हणाली, "ह्यो तर नाक्यावरचा वरडणारा! आज इचारायला आला व्हय? दहा वरसं तूच बोलतोस, आमी आयकतो."

सगळी पालं हसली. मी अर्ज काढला आणि विचारलं, "घर स्वतःच्या मालकीचं? पक्कं का कच्चं?"

"कोणतं? ह्ये का त्ये?"

अर्जात 'घर' एकच होतं.

"महिन्याचं उत्पन्न?"

"कोणत्या महिन्याचं? तिकडं भात हाय, नागली हाय, ती आमी खातो. इकडं द्राक्ष हाय, त्ये तुमी खाता."

शेजारचा सोमा म्हातारा म्हणाला, "ल्ही लेका, ल्ही. लय हुशार अर्ज दिसतोय, त्याला काईच ठावं नाय."

अठ्ठावन्न कुटुंबं घरी बसून भरली, तेव्हा एकही प्रश्न असा अडला नव्हता. कसा अडणार? प्रश्नही मीच, उत्तरही मीच. त्या दिवशी बांधावर बसून मी प्रत्येक प्रश्नापुढं हातानं एक रकाना आखला, 'कोणत्या महिन्यात'. माझ्या पुऱ्या एम.ए.त मला स्वतःला सुचलेली ती एकच गोष्ट, आणि तीही रंगूबाईनं दिलेली. मैनाताई चटणीचा डबा देऊन माझ्या बाजूला बसली आणि जिथं मला बोलणं उमगत नव्हतं तिथं त्यांची बोली मला नीट करून सांगत राहिली.

तेरा घरं झाली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बागेवर आणखी सहा. बावीस, तेरा आणि सहा, एकेचाळीस. बाकीचे अठ्ठावन्न मी फाडले. मैनाताईनं पुन्हा टाईप करायला घेतलं, बोटं सुजेपर्यंत.

एकोणतीस मार्चला देवरे सरांकडे गेलो. त्यांनी आकडा पाहिला. "एकेचाळीस? मागल्या महिन्यात ऐंशी होते!"

"ते खोटे होते, सर."

सरांनी चष्मा काढला आणि आधी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बोलायची काही गरज होती का?"

सरांबद्दल मी वाईट बोलणार नाही. चांगला माणूस. पण मंजूर ऐंशीचं, तेव्हा एकेचाळीसवर त्यांना सही करता येईना, आणि ऐंशीवर आता मला करवेना. एकतीस मार्च आला तसा गेला. नोंदणी रद्द झाली. नाक्यावर रंगवलेला बोर्ड मी स्वतः उतरवला, आणि कोणी विचारलं की त्याच्यावर भडकायचो.

आणि सगळा राग कोणावर? मैनाताईवर. दोन महिने मी कॉलेज रोडच्या पलीकडच्या बाजूनं चालायचो. एकदा तर तिनं हाक मारली आणि मी ऐकू न आल्यासारखं केलं. माझ्यासारख्या माणसाशी मैत्री ठेवणं सोपं नाही, हे मला माहीत आहे, मला कोणी सांगू नये.

जूनमध्ये एका सकाळी ती नाक्यावर आली. दुकान बंद ठेवून. नाका तेव्हा रिकामा, माणसं गावाकडं गेलेली. मी एकटाच टपरीपाशी. तिनं पिशवीतून नव्या नोंदणीचा अर्ज काढून माझ्यापुढं ठेवला. नाव, पत्ता, विषय सगळं टाईप केलेलं. सहीची जागा तेवढी मोकळी.

"मुदत वीस जुलैला संपते," ती म्हणाली. "आणि ऑगस्टात मोहपाडा घरी असतो. दारं उघडी असतात."

"आणि मी नाही केलं तर?"

"तर काय? अर्ज वाया जाईल. कागद माझाच आहे."

मी सही केली. ऑगस्टात जीपच्या टपाला लटकून सुरगाण्याला गेलो, तिथून चिखल तुडवत पाड्यावर. मोजली. सोळाच घरं होती, ताईचं चुकेल कसं? तीन घरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी पहिल्यांदा बोललो. विहीर कुठं नाही, तेही पाहिलं. रंगूबाईबरोबर ओहोळापर्यंत चालत गेलो, किती पावलं ते लिहिलं. दोन पावसाळे आणि दोन हंगाम गेले. दोन हजार साली ऐंशी कुटुंबं झाली, ऐंशीच्या ऐंशी हाडामांसाची. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "याच पाड्यावर आधीच्या अभ्यासांत घरांची संख्या वेगळी दिसते. तुमची सोळा कशी?"

मी म्हटलं, "सर, मी मोजली."

दुसरा वर्ग मिळाला, चोपन्न टक्के. पेढे घेऊन गेलो तर मैनाताई म्हणाली, "थांबा, हा तक्ता संपू दे." दहा मिनिटं मला पायरीवर बसवलं. मग तिनं एक पेढा खाल्ला आणि माझ्या प्रबंधाची पाण्यावरची तीन पानं काढून ठेवली होती ती माझ्या हातात दिली. "यांच्या प्रती काढल्यात. एक बाबांना पाठवते. या वेळी साहेबाच्या फाईलीत ही पानं जाऊ देत."

पानं गेली. हातपंप बसायला आणखी तीन वर्षं आणि माझे दोन मोर्चे लागले, नुसत्या कागदानं काही होत नाही, हे मी कोणालाही सांगेन. पण मोर्च्यात साहेब म्हणाला, "पुरावा काय?", तेव्हा माझ्या हातात काहीतरी होतं, आणि ते खरं होतं.

आता दोन हजार आठ. दुकानाबाहेर पाटी बदललीये, आत कॉम्प्युटर दोन झालेत. पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतात, इंटरनेटवरून उचललेलं सगळं तयार असतं, नुसती प्रिंट मागतात. मैनाताईच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. तरी ती प्रिंट काढण्याआधी वाचते, आणि पोरं कुरकुरत पायरीवर बसतात. परवा एकाला विचारत होती, "बाळा, तू इगतपुरीचा अभ्यास केलास ना? मग त्यात समुद्र कुठून आला?"

तर तुम्हाला माझं एक मागणं आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कुठल्याही पाड्यावर तुम्ही प्रबंध लिहिला असेल आणि तिथं गेला नसाल, तर आता जा. डिग्री मिळाली असली तरी जा. दिवाळीनंतर जाऊ नका, दारांना कड्या दिसतील. जुलै-ऑगस्टात जा, भाताच्या लावणीला माणसं घरी असतात. घरं मोजा, पाणी कुठून येतं ते विचारा, आणि तुमचा आकडा चुकला असेल तर तुमच्या विद्यापीठाला आणि त्या तालुक्याच्या कचेरीला स्वतःच्या सहीनं तसं कळवा. एवढं कराच.